लोरेनच्या तोंडाचा रंग

रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबपायी एल्मर क्रॅट्झने चार वर्षं डोळ्यांची माती केली होती. काचेवर लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे लाखो ठिपके. ट्यूबच्या मागून सुटणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉन किरणाने आपापल्या ठिपक्यावरच पडायचं, शेजाऱ्याच्या घरात शिरला की घोटाळा. आज न्यूयॉर्कहून कंपनीचे संचालक येणार होते. माणसाच्या कातडीचा रंग बरोबर दिसला तर काम पुढे चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

पाहुणे यायच्या पाच मिनिटं आधी एल्मरने संच सुरू केला. शेजारच्या स्टुडिओत चाचणीसाठी कॅमेऱ्यासमोर बसवलेली लोरेन पडद्यावर काकडीसारखी हिरवी दिसत होती.

"टेबल कुणी फिरवलं?"

"मी," प्रयोगशाळेचे प्रमुख हॅवरस्टिकसाहेब म्हणाले. "पाहुण्यांनी काय पडद्यामागचं झाडूचं कपाट बघत बसायचं?"

"अहो साहेब, ट्यूब उत्तरेकडे तोंड करून जुळवली होती! पृथ्वीचं चुंबक किरणांना ओढतं. तोंड फिरलं की रंग फिरतात."

"आता दोष पृथ्वीवर ढकल!"

टेबल फिरवायची साहेबलोकांना भारी हौस. ट्यूब जुळवायची म्हटलं की त्यांची मीटिंग असते. एल्मर घाम गाळत टेबल पूर्ववत करू लागला. त्याच वेळी कोपऱ्यात साहेब स्टुडिओला फोनवर हुकूम सोडत होते, "पोरगी हिरवी दिसतेय. लाली फासा. हात आखडू नका!"

पाहुणे आत आले, तेव्हा टेबल जागेवर आलं होतं आणि पडद्यावर पिकलेला टोमॅटो डोळे मिचकावत होता.

"हिला ताप आहे का?" मुख्य संचालक प्रेंटिस यांनी विचारलं.

साहेबांनी सरळ हात झटकले. "क्रॅट्झला विचारा. ट्यूब त्याची."

 चार वर्षं जिच्याशी संसार केला, ती ट्यूब आता खोटं बोलणार नाही, एवढं एल्मरला ठाऊक होतं. "चला, पोरगीच बघू," म्हणत त्याने स्टुडिओचं दार सताड उघडलं.

खुर्चीत लोरेन कपाळापासून मानेपर्यंत लालभडक होऊन बसली होती. प्रेंटिस यांनी तिच्याकडे पाहिलं, मागे वळून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"अगदी हाच लाल," ते हळूच म्हणाले. "हॅवरस्टिक, काम थांबवायचं नाही."

"दात काय काढताय सगळे?" लोरेन कडाडली. "हे निघतं कशाने, ते सांगा!"

तिच्या त्या भयंकर तोंडाइतकं सुंदर एल्मरने जन्मात काही पाहिलं नव्हतं.