टोरीच्या तेलावरचे सहा महिने

मी जीवनलालचा डिझेल ऑटो बोलतोय. मुर्रीहून निघतो, गोंदियातून फुलचूरला जातो. बोलतोय कसला, कपाळ बडवून घेतोय!

२००३ साली जीवनलालने मला घरी आणलं, हार घातला, नारळ फोडला. पाच वर्षांत मी असा काळा धूर ओकायला लागलो की विचारू नका. त्याची बायको तुलसा रोज मागच्या सीटवर भाजीची टोपली घेऊन बसायची आणि फुलचूर येईपर्यंत खोकत राहायची. मला लाज वाटायची, याला नाही.

मग फुलचूरच्या कॉलेजातल्या मंजू मॅडम भेटल्या. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. तिच्या तेलापासून त्या गाडीचं इंधन बनवत होत्या. सहा महिने त्यांनी मला तेच पाजलं. धूर विरळ झाला, तुलसाचा खोकला बसला. फक्त वास तेवढा तळणाचा यायचा. सवाऱ्या चिडवायच्या, "काऊन जीवनलाल, भजे तळून राहिला का?" हा बिचारा वरमायचा.

शेवटच्या तपासणीला नागपूरचे साहेब येणार होते. मी पास झालो असतो तर स्टँडवरच्या सगळ्याच ऑटोंना हे इंधन मिळणार होतं. आणि त्याच सकाळी या शहाण्याने माझी टाकी रिकामी केली, पंपावरचं डिझेल भरलं, वरून पिकअपसाठी रॉकेल ओतलं!

"पाहुण्याइले भज्याचा वास बरा दिसते का?" म्हणे. अरे कर्मा!

साहेबांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि मी भसाभस काळा धूर सोडला. मॅडमचा चेहरा पडला.

"जीवनलालभाऊ, टाकीत आपलंच तेल आहे ना?"

चारचौघांत हा काय बोलणार? "हो मॅडम," म्हणाला. साहेबांनी 'उपयोग नाही' असा शेरा मारला, चहा घेतला आणि गेले.

याला आता दोन वर्षं झाली. आपलंच तेल चुकलं असं मॅडम अजून समजतात. मी परत डिझेलवर आलो, तुलसा परत खोकते. घरी तिच्यापाशी याने सगळं कबूल केलं आहे.

"अजी, मॅडमले सांगून टाका ना एकडाव," ती काल म्हणाली.

"सांगतो ना, सांगतो," हा म्हणाला.

आज कॉलेजच्या फाटकाशी मॅडम उभ्याच होत्या. याने मान खाली घातली आणि माझा वेग वाढवला. मागे तुलसाला जोराची ढास लागली होती.

जीवनलाल, हात जोडतो बाबा, एकदा तरी त्या फाटकाशी ब्रेक दाब.