सीनेच्या पाण्याचा पंचनामा

सीना नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. अलीकडच्या काठावर टाकळी नावाचं शंभर उंबऱ्यांचं गाव होतं. पलीकडे, वरच्या अंगाला, एका व्यापाऱ्यानं चामडं कमवायचा कारखाना काढला आणि चुन्याचं, तरवडाच्या सालीचं पाणी नदीत सोडायला सुरुवात केली. पहिल्या उन्हाळ्यात डोहातले मासे मरून वर आले. दुसऱ्या उन्हाळ्यात बायनाबाईच्या दोन म्हशी दगावल्या, आणि नदीत उतरणाऱ्या बायांच्या पायांवर फोड उठले.

गावानं आष्टीच्या तहसिलीत अर्ज दिला. तो बीडला गेला, बीडहून हैदराबादला, तिथून इंग्रज सरकारकडं. अकरा महिन्यांनी उत्तर आलं, की दोन्हीकडच्या अंमलदारांनी मिळून पाहणी करावी. पाहणीची तारीख पंधरा दिवस आधी पलीकडं कळवण्यात आली. ते पत्र तहसिलीतले कारकून जलालुद्दीन यांनीच लिहिलं होतं.

पाहणीच्या दिवशी कारखान्यातून धूर निघत नव्हता. सीनेचं पाणी इतकं नितळ होतं, की तळातली वाळू दिसत होती. काठावर तंबू ठोकला होता, दोन्ही अंमलदार आत चहा घेत होते. आष्टीच्या तहसीलदारांनी बाहेर येऊन जलालुद्दीनना बाजूला बोलावलं.

"दोन सरकारांतली गोष्ट आहे. वाढवायची नाही, असा वरून इशारा आहे. पाणी साफ आढळलं, एवढंच लिहा आणि पंचांचे अंगठे घ्या."

जलालुद्दीननी उर्दूत तेवढंच लिहिलं आणि कागद घेऊन गावातल्या पाच पंचांकडे आले. पंचांत म्होरक्या धोंडीराम होता. साठीचा, कमी बोलणारा माणूस.

"साहेब, कारखाना चार दिस बंद हाय म्हणून पाणी असं दिसतंय," तो म्हणाला. "तेवढं लिवलंय नव्हं?"

"लिहिलंय, बाबा."

"वाचून दावा."

जलालुद्दीननी कागद समोर धरला आणि मराठीत वाचून दाखवलं: पाणी आज साफ आहे, पण कारखाना चार दिवस बंद असल्यामुळं; एरवी त्याला जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. यातलं 'पाणी साफ आहे' एवढंच कागदावर होतं. बाकीचं वाचताना त्यांची जीभ कुठंही अडखळली नाही, याची त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. पाचही पंचांनी अंगठे उठवले.

तिसऱ्या दिवशी नदी पुन्हा तांबूस झाली.

दोन महिन्यांनी बीडहून हुकूम आला, आणि तो गावाला ऐकवायला जलालुद्दीननाच पाठवलं. चावडीपुढं दवंडी पिटून माणसं जमवली. हुकूम असा होता: खुद्द पंचांनी पाणी साफ असल्याची साक्ष दिली, सबब तक्रार खोटी ठरली, यापुढं टाकळीकरांनी असा अर्ज करू नये, आणि खबरदारी म्हणून नदीवर पाणी भरू नये, जनावरं नेऊ नयेत. मोडेल त्याला सजा.

मग बायनाबाई धोंडीरामकडं वळली.

"तुमी कावून अशी साक्ष दिली?"

"म्या न्हाई दिली, बाई." धोंडीराम गोंधळून जलालुद्दीनकडं बघू लागला. "साहेब, तुमीच वाचलं हुतं. सांगा की हिला."

बीडला लिहिताना काही चूक झाली असेल, एवढं म्हटलं असतं तरी गावानं विश्वास ठेवला असता. ते वाक्य जलालुद्दीनच्या ओठांवर आलंही होतं. पण शेजारची माणसं आत्ताच धोंडीरामपासून सरकून बसली होती.

"कागदावर ते नव्हतं, बाबा," ते म्हणाले. "मी खोटं वाचलं. तुमचा कुणाचा काही दोष नाही."

धोंडीरामनं शिवी दिली नाही. खाली बघत तो म्हणाला, "आमाला वाचता येत न्हाई म्हणून तुमाला इचारलं हुतं."

जलालुद्दीननी तिथंच दौत मागवली आणि स्वतःच्या नावानं जबाब लिहिला. कारखाना बंद होता, मी पंचांना खोटं वाचून दाखवलं, साक्ष माझी आहे, त्यांची नाही. लिहून झाल्यावर ते वाचायला लागले, तशी बायनाबाई म्हणाली, "तुमी नगा वाचू."

दोन कोसांवरच्या मशिदीतून उर्दू वाचता येणाऱ्या दस्तगीर मुल्लाला बोलवायला माणूस गेला. दुपारभर जलालुद्दीन चावडीच्या पायरीवर बसून राहिले. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, कुणी बसा म्हटलं नाही. मुल्ला आला, त्यानं आधी कागद मनाशी वाचला, एकदा जलालुद्दीनकडं पाहिलं, आणि मग हळूहळू एकेक ओळ मराठीत सांगितली. आपलंच पाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जलालुद्दीनना मान वर करता आली नाही.

"बरोबर हाय," मुल्ला म्हणाला. तेव्हा कुठं लोक उठले.

जबाब बीडला पोचला. जलालुद्दीनना ताकीद मिळाली आणि त्यांची बदली गेवराईला झाली. पाहणी पुन्हा झाली नाही. टाकळीकरांनी दोन वर्षं खपून माळावर विहीर पाडली. विहिरीला पाणी लागल्याचं जलालुद्दीनना गेवराईच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. जाऊन बघावं असं त्यांना पुष्कळदा वाटलं. ते गेले नाहीत.