तीन वेढ्यांचा मफलर

मित्रांनो, मी एक जुना, पट्ट्यापट्ट्यांचा मफलर आहे. दिसायला रंगीत असलो, तरी स्वभावाने मी पक्का भित्रा आहे. लोकरीच्या वस्तूला कसली आलीये भीती, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर मग.

मला एका आईने विणलं. घरात दोघीच, आई आणि तिची मुलगी. मुलगी छापखान्यात मशीन चालवायची. तिथल्या गारठ्याने तिचा घसा सारखा धरायचा. तिला यायला जरा उशीर झाला, की आई दहादा गॅलरीत जाऊन यायची. मुलगी तिला चेष्टेने ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायची.

आईने पहिल्यांदा जी लोकर आणली, तिच्या एकाच धाग्यात जांभळा, केशरी आणि शेवाळी असे रंग बदलत जात होते. गुंडा देखणा होता, पण वीतभर विणून झाल्यावर माझ्या अंगावर नुसते डाग डाग दिसू लागले.

“आई, रंगाऱ्याने ब्रश पुसलेलं फडकं वाटतंय गं हे!” मुलगी म्हणाली.

आईने मला लांब धरून पाहिलं. “खरंच की. सगळे रंग एकाच जागी गोळा झालेत.”

तिने सुई काढून घेतली आणि धागा ओढला. टाक्यामागून टाका सर्रकन सुटत गेला. आत्ता होतो आणि आत्ता नाही! भीती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने गडद निळी, एकरंगी लोकर आणली. दोन ओळी रंग बदलणाऱ्या लोकरीच्या, दोन ओळी निळ्या, असं ती विणू लागली. पट्टा बदलताना ती धागा तोडायची नाही, कडेकडेने वर घेऊन जायची. मधल्या निळ्यामुळे प्रत्येक रंगाला आपापली जागा मिळाली आणि माझं रूप उजळलं. मी कुठे तुटू नये म्हणून तिने प्रत्येक लोकरीचे दोन-दोन धागे एकत्र घेतले होते. मी वाढतच चाललो.

“किती लांब करतेस? माझ्यासाठी विणतेयस की जिराफासाठी?”

“तीन वेढे बसले पाहिजेत. वारं आत शिरता कामा नये,” आई म्हणाली.

मुलगी मला रोज घालू लागली. रस्त्यात अनोळखी बायका थांबून विचारायच्या, “कुठून घेतला हो?” मग माझी छाती फुगायची. पण छापखान्यात शिरलं, की मी गार पडायचो. तिथे मोठमोठे रूळ एकमेकांना घासून फिरायचे आणि कागद गिळायचे. मशीनजवळ सैल कपडे नकोत, अशी पाटी भिंतीवर होती. मुलगी मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची आणि मगच मशीन सुरू करायची.

एका सकाळी तिच्या अंगात कणकण होती. दातावर दात वाजत होते. तिने मला गळ्यातून काढलं नाही. माझी दोन्ही टोकं एप्रनमध्ये खोचली आणि ती कामाला लागली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मफलरला कुठला आलाय आवाज?

तासाभराने एक कागद रुळाला चिकटला. तो सोडवायला ती वाकली. माझं एक टोक एप्रनमधून निसटलं, खाली लोंबलं आणि रुळांनी ते पकडलं.

मित्रांनो, पुढचं सांगताना आजही माझे टाके आवळतात. मी आत ओढला जाऊ लागलो आणि तिच्या गळ्याभोवतीचे तिन्ही वेढे घट्ट होत गेले. तिचे हात माझ्याशी झुंजत होते. बंद करायचं बटण मशीनच्या पलीकडे होतं, तिथवर तिचा हात पोचेना. तोंडातून आवाज फुटेना. तिच्या मानेतली शीर माझ्या अंगाखाली धडधडत होती. मी तुटायला हवा होतो. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण आईने मला न तुटण्यासाठीच विणलं होतं.

पलीकडच्या टेबलावर पुस्तकबांधणी करणाऱ्या मावशी कागद कापत होत्या. त्यांनी सहज मान वर केली आणि हातातल्या मोठ्या कात्रीसकट धावल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कात्री चालवली. तिसऱ्यांदा मी कापला गेलो. मुलगी खाली कोसळली. मावशींनी वळसा घालून मशीन बंद केलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

“श्वास घे बाळा. हळू. घे श्वास.”

तिने श्वास घेतला. त्या आवाजाइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

माझा निम्मा भाग शाईत काळा झाला होता. तो फेकून दिला. उरलेला मी एका पिशवीत, कपाटाच्या तळाशी जाऊन पडलो. मानेवरचा वळ मुलीने कॉलरखाली लपवला आणि “मफलर प्रेसमध्ये राहिला,” असं आईला सांगितलं. अंधारात माझा एकेक टाका सुटत होता. आपण असेच विरून जाणार, याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती वेगळी होती. आईने मला पाहिलं तर?

पाचव्या दिवशी तिला पिशवी सापडली. तिने माझी कापलेली कड बोटांनी चाचपली, मग मुलीला समोर बसवून तिची कॉलर खाली केली.

“मीच तीन वेढे म्हणाले होते,” ती म्हणाली.

“आई, तू नाही गं. मी काढून ठेवला नाही.”

“पण विणला मीच ना!”

त्यानंतर दोन महिने आईने सुयांना हात लावला नाही. मग एक दिवस मावशी घरी आल्या. आईने त्यांचे दोन्ही हात धरले. मी खुर्चीवर पडलो होतो, ते मावशींनी पाहिलं.

“अहो, हा उसवत चाललाय. असा नका ठेवू,” त्या म्हणाल्या. “मी कापला, तुम्ही पुरा करा.”

मावशींनी मला ताणून धरलं आणि आईने माझे सुटे टाके एकेक करून सुईवर घेतले. या वेळी तिने मला आखूडच ठेवलं, गळ्याभोवती जेमतेम एक वेढा बसेल एवढं. टोकांना टिचबटण लावलं. मग मला स्वतःच्या गळ्यात घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि जोरात हिसका दिला. टिच! मी सुटलो. पुन्हा घातलं, पुन्हा हिसका. वीसएक वेळा तरी तिने ते केलं असेल. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. या खेपेला तिने चेष्टा केली नाही.

आता मी जुना झालोय. माझे रंग विटलेत, अंगावर लोकरीच्या गोळ्या आल्यात. मुलगी मला आजही घालते आणि कामाला लागण्याआधी न चुकता काढून ठेवते. मशीनचा आवाज सुरू झाला, की मला अजून धडकी भरते.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, कसरीपासून जपा, असं इतर मफलर तुम्हाला सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. फिरणाऱ्या चाकाजवळ, चालू यंत्राजवळ जाताना आम्हाला गळ्यातून काढा. थंडी वाजत असली तरी काढा, कितीही प्रेमाने कुणी विणलेलं असलं तरी काढा. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही.