एक तास चाळीस मिनिटं

सासऱ्याने जन्मभर एकच काम केलं. मोटारींच्या कारखान्यात हातात स्टॉपवॉच धरून कुठल्या दुरुस्तीला किती वेळ लागतो ते मोजलं. ते आकडे पुस्तकात छापले गेले आणि गॅरेजवाले त्यांवर मजुरी लावू लागले. गिऱ्हाईक नाडलं जाऊ नये म्हणून हा खटाटोप, असं तो छाती फुगवून सांगायचा.

जावई एका मोठ्या गॅरेजात मेकॅनिक. बारा तास राबून सहा तासांचा पगार आणायचा. "तुझा नवरा म्हणजे गोगलगाय," सासरा लेकीला येताजाता ऐकवायचा. आधी ती भांडायची, मग गप्प बसू लागली, आणि परवा बॅग घेऊन माहेरी आली. बॅग अजून उघडली नव्हती, एवढीच आशा.

सोक्षमोक्ष लावायला म्हातारा आपली जुनी गाडी क्लचप्लेट बदलायला जावयाकडेच घेऊन गेला आणि समोर स्टूल टाकून बसला.

"पुस्तकात एक तास चाळीस मिनिटं आहेत," घड्याळ चालू करत तो म्हणाला.

"पाठ आहे, मामा."

दुसराच बोल्ट गंजून बसलेला. तेल सोडलं, ठोकला, तापवला. शेवटी मुंडकं तुटून हातात आलं आणि उरलेला तुकडा ड्रिलने कोरून काढावा लागला. जावयाने चहासुद्धा घेतला नाही. काम संपलं तेव्हा चार तास दहा मिनिटं झाली होती.

"रोज असंच?"

"गंज कुणाला चुकलाय? पण पैसे पुस्तकातल्या वेळाचेच मिळतात." हात पुसत तो घुटमळला. "तिला एवढं सांगा मामा, मी टंगळमंगळ करत नाही. तुमचं ऐकेल ती."

परतीच्या वाटेवर म्हाताऱ्याला सगळं आठवलं. हे काम त्याने मोजलं होतं ते कोऱ्या गाडीवर, पाने हातात द्यायला दोन माणसं उभी असताना. तरी दोन तास पाच मिनिटं भरली होती. साहेब म्हणाले, जरा आवरतं घ्या. त्याने एक तास चाळीस लिहिलं, आणि त्याच वर्षी बढती मिळाली. लेकीचं लग्न त्याच पगारातून झालं.

लेक दारातच उभी होती. "पाहिलंत ना, बाबा? कुठे जातो हो ह्यांचा एवढा वेळ?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगायचं तर त्या पंचवीस मिनिटांपासून सुरुवात करावी लागली असती.

"मंदच आहे तो," म्हातारा म्हणाला.

लेक आत गेली आणि तिने बॅग उघडून कपडे कपाटात लावायला घेतले.