मागे घेतलेली गाडी

सुतार एका गिऱ्हाइकाच्या घरी दाराच्या बिजागरीत स्क्रू पिळत होता, बाकीचे स्क्रू त्याने ओठांत धरले होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गुडघ्याने दार पेलून धरत त्याने फोन कानाला लावला.

“हवालदार बोलतोय.”

गावातल्या टायरवाल्याला सगळे हवालदारच म्हणत. दिवसभर हवा भरतो म्हणून हवालदार. हे नाव सुताराच्या बायकोनेच पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की टायरवाला स्वतःसुद्धा फोनवर तसंच सांगायचा. नुकतेच त्यांनी त्याच्याकडून पिकअपला चार नवे टायर घेतले होते. पाचवाही घ्या, स्टेपनीला, म्हणून तो मागे लागला होता.

सुताराने तोंडातले स्क्रू तळहातावर काढले.

“पाचवा घेणार नाही म्हणजे नाही,” तो म्हणाला. “एक बायको सांभाळताना नाकी नऊ येतात, स्टेपनी कुठून सांभाळू?”

पलीकडे कोणी हसलं नाही.

“पांढरी पिकअप तुमचीच का? चारी टायर नवे आहेत.”

“आमचीच. कोण बोलतंय?”

“हवालदार. चौकीवरून बोलतोय. गाडी नदीत सापडली आहे, फरशीच्या खाली. आत कोणी नाही. गाडी कोण चालवत होतं?”

“बायको.”

“त्या घरी आल्यात का?”

“असेल,” सुतार म्हणाला. मग म्हणाला, “मी बघतो.”

दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं. तसंच सोडलं असतं तर घरमालकिणीच्या अंगावर पडलं असतं. त्याने उरलेले स्क्रू बसवले, दार एकदा लावून, उघडून पाहिलं आणि मग तो निघाला.

ती घरी नव्हती. वरच्या धरणातून त्या दुपारी पाणी सोडलं होतं आणि नदीवरची फरशी, म्हणजे तो सिमेंटचा बुटका पूल, पाण्याखाली गेली होती. गाडी फरशीवरून वाहत जाऊन पुढच्या वळणावर खडकाला अडकली होती. पोहणारे आले, बोट आली, गळ टाकून झाले. क्रेनने गाडी वर काढली. ती मात्र सापडली नाही.

ती वस्त्यांवर फिरून गुरांना लस टोचायची. नदीपलीकडच्या वस्त्याही तिच्याकडे होत्या, तेव्हा फरशीवरून जाणं तिचं नेहमीचंच. पण त्या दिवशी तिची सुट्टी होती. लशींचा थंड डबा घरीच होता, धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. मग ती नदीवर कशाला गेली, हे कोणालाच सांगता येईना.

“तुमच्यात काही झालं होतं का?” सासूबाईंनी फोनवर विचारलं.

“काही नाही, आई.”

“काहीतरी झालं असेल, जावईबापू.”

त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. फोन त्यांच्या मुलाकडे द्यायच्या.

खरंच काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर एक कारण तरी हाताला लागलं असतं. वर्षभरापासून ती गप्प झाली होती, एवढंच. विचारलं तर म्हणायची, दमले. गुरांत राहून गुरांसारखी झालेय, म्हणायची. तो ते ऐकून घ्यायचा आणि ताट पुढे ओढायचा.

टायर घेतले त्या दिवशी मात्र ती पूर्वीसारखी होती. हवालदाराने दुकानापुढे तीन टायर उभे केले होते. एक बारीक नक्षीचा, रस्त्याचा. एक मोठमोठ्या गोट्यांचा, चिखलाचा. आणि मधला ऑल टेरेन, ज्याला तो नुसतं ए.टी. म्हणत होता.

“हा रस्त्यावरही चालतो आणि कच्च्यावरही चालतो,” हवालदार म्हणाला. “खोटं नाही बोलणार वहिनी, दोन्हीकडे जरा जरा कमीच.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा,” ती म्हणाली. “हाच द्या. सवय आहे मला.”

हवालदार पोट धरून हसला. सुतारही हसला. त्याला खरं तर रस्त्याचे टायर हवे होते. लाकूड आणायचं, गिऱ्हाइकाकडे पोचवायचं, त्याचं सगळं काम डांबरावरचं.

“हे आवाज करतील,” तो म्हणाला.

“करू देत. घरात कोणीतरी बोलायला हवंच की.”

ते आवाज करायचेच. गाडीने वेग घेतला की खालून एकसारखं घूं सुरू व्हायचं. स्टिअरिंग जड झालं, डिझेल जास्त जाऊ लागलं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर गाडी थांबेपर्यंत छातीत धडधड व्हायची. नक्षीत खडे अडकून बसायचे आणि चाकाबरोबर टिकटिकायचे. ती त्याचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन संध्याकाळी पायरीवर बसायची आणि चाकातले खडे उकरायची. तो म्हणायचा, टोक बोथट होतंय. ती ऐकत नसे.

नदीतून काढलेली गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा हवालदाराने चारी चाकं काढून धुतली, आतून बाहेरून हात फिरवून बघितली.

“टायरांना काही झालेलं नाही,” तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, दुसऱ्या गावी छापखान्यात कामाला होता. रविवारी पहिल्या गाडीने यायचा आणि दोघं पिकअप घेऊन नदीपात्रात उतरायचे. वाळू, गोटे, मऊ चिखल, सगळ्यांतून टायर गाडी ओढून न्यायचे. जिथे गाडी जायची तिथपर्यंत जायचे, पुढे काठ्या घेऊन चालायचे. झुडपं बाजूला करायचे, खडकांच्या कपारीत काठी घालायचे. काठीला काही मऊ लागलं की दोघं थांबायचे. एकदा पोतं होतं. एकदा मेलेलं वासरू होतं.

“जाणारं माणूस नवे टायर घेतं का, दाजी?” मेव्हणा परत परत विचारायचा. “तुम्हीच सांगा. पुढची चार-पाच वर्षं चालवायची गाडी, म्हणूनच घेतं ना?”

“हो.”

“आईला मी तेच सांगतो. तिला पटत नाही.”

सुतार गाडी चालवत राहायचा. फरशीकडचा उतार भुसभुशीत होता. जुने टायर गुळगुळीत झाले होते तेव्हा ती त्या उतारावर गाडी घालायचीच नाही, लांबच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून जायची. म्हणजे नवे टायर नसते तर ती खाली उतरलीच नसती. पण टायर घेणारं माणूस राहणारच असतं, हेही खरं वाटायचं. एकाच टायरवरून दोन गोष्टी निघत होत्या आणि त्यातली कुठली धरायची ते त्याला कळत नव्हतं.

हळूहळू मेव्हणा एक रविवार सोडून येऊ लागला. नदीकाठचे लोक आता त्यांच्याकडे बघतही नसत.

अशाच एका रविवारी फरशी ओलांडून पलीकडे गाडी उभी करून ते वरच्या अंगाला गेले. तिकडे डोह होता. पाणी वरून वाहून आणतं, खालून नाही, म्हणून तिकडे शोधायचं कारण नव्हतं. खालचं सगळं बघून झालं होतं, एवढंच. सुतार मागे रेंगाळला होता. बाभळींच्या पलीकडून हाक आली.

“दाजी! इकडे या. लवकर या!”

डोहाच्या काठावर उंच सपाट जागा होती. तिथे झऱ्याची ओल होती म्हणून सगळी चिकणमाती. आता ती वाळून विटेसारखी झाली होती, आणि तिच्यात चाकांचे ठसे स्पष्ट उठले होते. मेव्हणा गुडघ्यावर बसला होता.

“हीच ना आपल्या टायरची नक्षी?”

“हीच.”

“आपण इकडे कधी गाडी आणली होती का?”

“नाही,” सुतार म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं.

मेव्हणा उठला आणि ठशांच्या कडेकडेने चालू लागला. पाय पडू नये म्हणून तो अंग चोरून चालत होता. ठसे सरळ काठाकडे गेले होते. काठापासून हातभर अलीकडे पुढची चाकं खोल रुतली होती.

“इथवर आली,” तो म्हणाला. “इथे थांबली. बघा किती रुतलीय, बराच वेळ थांबली होती. आणि इथून...” त्याने मागे बोट दाखवलं. “इथून मागे घेतली, दाजी. मागे घेतली आणि वळवली. ताई परत येत होती.”

सुतार बघत राहिला. मागे येताना चाकं वेडीवाकडी झाली होती, एकदा झुडपात शिरली होती, पुन्हा पुढे येऊन मग वळली होती.

“घरी परत यायची वाट फरशीवरूनच ना? ती फरशीवर असताना पाणी आलं. बस, एवढंच झालं.” मेव्हणा रडत होता आणि हसतही होता. “ताईचंच काम हे. रिव्हर्स तिला जन्मात कधी जमला नाही. सायकलसुद्धा मागे घेताना पडायची.”

तिला रिव्हर्स उत्तम जमायचा. गोठ्यांच्या बोळांतून ती पिकअप आरशात बघून मागे काढायची. ज्याला जमत नसे तो सुतारच, आणि त्यावरून ती गिऱ्हाइकांसमोरही त्याची टर उडवायची. मेव्हण्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. ती लग्नानंतर गाडी शिकली होती.

मेव्हण्याने तिथूनच फोन लावला.

“आई, ऐक. रडू नको, ऐक आधी. ताई परत येत होती. हो. मी माझ्या डोळ्यांनी बघतोय. गाडी वळवली होती तिने.”

सुतार ठशाजवळ उकिडवा बसला. मागच्या डाव्या चाकाच्या नक्षीत बाहेरच्या कडेची एक गोटी नव्हती. तेवढ्या जागी माती सपाट होती. पुढे चाकाचा एक फेरा झाला की पुन्हा सपाट. पुन्हा एक फेरा, पुन्हा सपाट.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली त्या संध्याकाळी तो कोणाला न सांगता एकटाच नदीवर आला होता. उतारावर फरशीचा फुटका कठडा मागच्या चाकाला घासला होता आणि रबराचा तुकडा उडाल्याचा आवाज झाला होता. त्यानंतर अंधारून येईपर्यंत गाडी नेईल तिकडे तो गेला होता. बॉनेटच्या पुढे पाणी दिसत होतं, तेवढं आठवत होतं. पाय ब्रेकवर होता. मग त्याने गाडी मागे घेतली होती. का घेतली, ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. ती जागा कुठली होती, हे त्याने नंतर कधी आठवून पाहिलं नव्हतं.

“दाजी, आई बोलतेय.” मेव्हण्याने फोन पुढे केला.

सुताराने तो घेतला.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “जेवलात का?”

“नाही अजून. जेवेन.”

“जेवत जा वेळेवर. मी नाही नाही ते मनात आणलं. तुमच्याबद्दलही आणलं.”

“असू द्या, आई.”

“असू द्या कसं? आता मला रात्री डोळा लागेल.”

तो काहीतरी बोलणार होता. पलीकडे त्या पदरात नाक शिंकरत होत्या आणि कोणाला तरी, बहुतेक शेजारणीला, सांगत होत्या, “परत येत होती गं माझी पोर.” त्याने फोन मेव्हण्याच्या हातात दिला.

आईला हे दाखवायला आणायचं, असं मेव्हण्याने तिथेच ठरवलं. तोवर ठसे राहिले पाहिजेत. जनावरं फिरतात, पाऊस येईल. त्याने पिकअपमधली ताडपत्री आणली, जी सुतार लाकडांवर घालायचा. एक टोक त्याने धरलं, दुसरं सुताराने धरलं. दोघांनी ती ठशांवर अलगद अंथरली आणि कडेने गोटे ठेवले. मेव्हणा गोटे निवडून आणत होता, जड आणि चपटे.

“इकडून वारा लागेल,” तो म्हणाला. “तिकडे अजून एक ठेवा, दाजी.”

सुताराने अजून एक ठेवला.

परत जाताना डांबर लागलं आणि टायरांचं घूं सुरू झालं. मेव्हणा काच खाली करून बसला होता. खूप दिवसांनी तो छापखान्यातल्या गमती सांगत होता. कुणाच्या लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या बहिणीचं नाव छापलं गेलं, त्याची. सुतार मध्ये मध्ये हुंकार देत होता. त्याला गाडी थांबवून सांगता आलं असतं. रस्ता सरळ होता, मागे कोणी नव्हतं. स्टँड आलं, मेव्हणा उतरला, खिडकीतून हात आत घालून त्याने सुताराचा खांदा दाबला आणि गाडी पकडायला पळाला.

सासूबाई येत्या रविवारी येणार आहेत. त्यांना उतारावर त्रास होतो, तेव्हा त्यांना पिकअपमधून थेट डोहापर्यंत न्यायचं ठरलं आहे. ती अजून सापडलेली नाही. ते ठसे कोणाच्या गाडीचे आहेत, हे मेव्हण्याला सांगायचं राहिलं आहे.