देवदूताचा हात

गिलाव्याला बोट टेकलं की टोकाशी यायचा तो गारवा आता कमी झाला होता… चुना अजून ओला होता, पण फार वेळ राहणार नव्हता. सुकला की रंग धरत नाही, आणि लापो भिंतीवर रंगवत असलेल्या देवदूताला उजवा हातच नव्हता – बाही मनगटापर्यंत आलेली, पुढे नुसता पांढरा गिलावा. नोफ्रीने बोट अंगरख्याला पुसलं.

लापोला पोपनी काम चालू असतानाच बोलावून घेतलं होतं. प्रार्थनामंदिराची मोठी भिंत रंगवायला दोघांपैकी कोणाला द्यायची ते आज ठरणार होतं, आणि बोलावणं एकालाच आलं होतं. परांचीवरून उतरता उतरता लापो म्हणाला,

"ओलं फडकं टाक रे यावर. तुझ्याइतकं जपून कोण करतं?"

"जा तू. पोपना ताटकळत ठेवू नकोस."

जपून… सिएनाला गुरूंच्या घरी दोघं एकाच दगडावर रंग घोटायचे, चेस्टनटच्या पिठाची भाकरी एकाच ताटात मोडून खायचे, तेव्हाही गुरू म्हणायचे, लापोला हात आहे, नोफ्रीला चिकाटी. नोफ्रीच्या आईला ते कौतुक वाटलं होतं. त्याच्या पोटात मात्र तेव्हा जे पेटलं ते रोमला येऊनही विझलं नाही – लापो हसला की तो जळायचा, लापो खोकला की त्याला बरं वाटायचं.

फडकं बादलीतच होतं. नाही टाकलं तर… पण तेवढ्याने काय होणार, लापो उद्या तेवढा तुकडा खरवडेल, नवा गिलावा लावेल. त्यापेक्षा एक लाकडी, मेलेला हात आत्ताच रंगवून ठेवावा. चुन्यात मुरलेला रंग पुसता येत नाही, खरवडायचा तर बाहीही जाईल; सणाला परांची उतरली की सगळं रोम बघेल, आणि देवदूत लापोचा म्हणजे हातही लापोचाच.

त्याने कुंचला उचलला. पहिलं बोट वाकडं काढायला गेला आणि ते वळलं – भाकरी मोडताना लापोचं वळायचं तसं, अगदी तसंच… मग दुसरं, मग अंगठा. इतकी वर्षं जळत जळत ज्या हाताकडे पाहिलं होतं, तो त्याला डोळे मिटूनही काढता आला असता. थांबायला हवं हे कळत होतं. तो थांबला नाही.

लापो वर आला तेव्हा गिलावा सुकत आला होता. तो हाताजवळ गेला, बराच वेळ बघत राहिला, मग त्याने कडेला अंगठा दाबून पाहिला. अंगठा उमटला नाही.

"तुला फडकं टाकायला सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला.

"राहिलं."

लापोने मान वळवली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते नोफ्रीने कधी बाहेरून पाहिलंच नव्हतं. आतून मात्र ते जळणं त्याला रोजचं होतं. त्याला आनंद झाला, लाज वाटली, आणि ती नजर हलूच नये असं वाटत राहिलं.

मोठी भिंत कोणाला मिळाली हे विचारायचं त्याच्या लक्षातही आलं नाही.