मानाची टोपली

सदूच्या मनात त्या दिवशी वाईट काही नव्हतं, हे आधी सांगायला हवं. उलट तो मान द्यायला निघाला होता. नवा टॉवेल, टोपी आणि शेंडीचा नारळ पितळी ताटात घेऊन केबिन रोडमागच्या चाळीतून भर उन्हात तो सहादेवच्या खोलीकडे चालला होता. मागे भाताची टोपली घेऊन चुलता विठूतात्या, गावाहून आलेला, आणि कोंबडा घेतलेली चाळीतली चार-पाच गाववाली पोरं. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं ज्याला वाटू लागलं, त्याच्यापासून माणसाने चार हात लांब राहावं.

सदू आणि सहादेव रत्नागिरीकडच्या एकाच गावचे. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात दोघं शेजारशेजारच्या मशीनवर पॉलिश मारायचे. संध्याकाळी दोघांची तोंडं सारखीच काळी. सदू सहादेवच्या घरी त्याच्या बायकोच्या, आशाच्या, हातचं जेवायचा आणि तसं चारचौघांत सांगायचाही. न सांगता जेवला असता तर जास्त बरं झालं असतं, पण ते असो.

सदूचा साईराज अजून रांगायचा. हगवणीने आणि उलट्यांनी पोर सुकून चाललं होतं, डोळे खोल गेले होते. आधीची मुलगी अशीच गेली होती, तीही याच वयाची असताना. पोराने रडणं बंद केलं तसा सदूचा धीर सुटला. विठूतात्याने कारण सांगून टाकलं. शहरात आल्यापासून सदूने गावची हद्द राखणाऱ्या देवाची, राखणदाराची, राखण दिली नव्हती. आता इथल्याच वस्तीच्या हद्दीवर, मिठागराच्या बांधावर, कोंबडा कापायचा आणि भाताची टोपली टाकायची. टोपली पडेपर्यंत आजारी पोराला हद्दीबाहेर न्यायचं नाही, नेलं तर ते परत येत नाही. आणि टोपली डोक्यावरून न्यायची ती एकाच घराने, बौद्धवाडीतल्या. गाव त्या वाडीला तोंडावर बौद्धवाडी म्हणतं आणि पाठ फिरली की महारवाडी. ते घर म्हणजे सहादेवचं.

हे ऐकून सदूला रडूच आलं. आपलं पोर वाचवणारा माणूस रोज आपल्या शेजारी उभा राहतो, याहून चांगलं काय असणार!

सहादेव बनियनवरच दारात आला. सदूने ताट पुढे केलं.

"तुझ्या घराण्याचा मान हाय, सहादेव. समद्यांसमोर देतोय. घे."

सहादेवने ताटाकडे पाहिलं, मग मागच्या पोरांकडे.

"ह्याला मान म्हणतोस? माझ्या आज्याने टोपली उचलली, कारण न उचलून सांगणार कुणाला? आईने दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडनं बंद हाय ते. तुला ठाऊक न्हाय?"

"माझ्या पोरासाठी पण न्हाय?"

"पोरासाठी रक्त माग माझं, आत्ता देतो. आणि ऐक, टोपलीचं कानावर आलं तसं आशाला मी मघाशीच मागच्या गल्लीने तुझ्याकडे धाडलीय. ती शेवंतीवैनीला न् साईराजला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलीय. पोराला सलाईन पायजे, सदू, भात नको."

टोपली पडायच्या आधी पोर हद्दीबाहेर गेलं! ज्याला मान द्यायला आलो, त्यानेच ते नेलं.

"मारलंस माझं पोर!" तो ओरडला, आणि ताटातला नारळ उचलून त्याने सहादेवच्या तोंडावर हाणला.

भुवई फुटली, डोळा रक्ताने भरला. सहादेवने हात वर केले, पण उलटून मारलं नाही. सदूला त्याचाच जास्त राग आला. त्याने बनियन धरून त्याला अंगणात ओढला आणि पुन्हा हाणला, नारळ फुटेपर्यंत. मग पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. मंडपाचे बांबू भिंतीला टेकवलेले होते, ते हातात आले. "लय शिकलाय," असं एक जण म्हणाला आणि बरगडीत बांबू घातला. चाळीची दारं एकामागून एक लागली. आतून कड्या घातल्याचे आवाज सदूला ऐकू येत होते. मारतामारता तोही शिव्या देत होता, आणि त्या त्याच्या स्वतःच्या आज्याच्या तोंडच्या शिव्या होत्या. दहा वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाला त्या देताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

"उचलतोस का न्हाय?"

"न्हाय," सहादेव म्हणाला. दात तुटले होते, शब्द धड येत नव्हता.

सदूने त्याच्या उजव्या हातावर पाय दिला आणि टाचेने बोटं रगडली. हाड मोडल्याचं पायाला समजलं.

तेव्हा सहादेवची आई, भीमाबाई, बाहेर आली. सदू तिला काकी म्हणायचा. तिने पदर कमरेला खोचला आणि विठूतात्याच्या पायाशी ठेवलेली टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"सोडा त्याला. मी नेते."

"आई, नको," सहादेव जमिनीवरून म्हणाला. "आई, ठेव ती." त्याने रांगत तिचं लुगडं धरलं. एका पोराने त्याच्या पाठीत बांबू घातला तसा हात सुटला.

मिठागराच्या बांधापर्यंत म्हातारी पुढे आणि हे सगळे मागे. कोंबडा कापला गेला. भीमाबाईने टोपली ठेवली, वाकली आणि दीक्षेनंतर कधीच तोंडातून न काढलेला शब्द तिने मोठ्याने काढला, "जोहार, मायबाप!" विठूतात्या समाधानाने मान हलवत राहिला. सदूने डोळे मिटून हात जोडले. त्याला खरोखर हलकं वाटलं, आणि ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

परत आले तेव्हा सहादेव अंगणातच पडला होता, हलत नव्हता. भीमाबाई त्याच्यापाशी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हाका मारू लागली. पोरं पांगली. सदू तिकडे न पाहता रिक्षा शोधायला धावला.

दवाखान्याच्या बाकावर आशा साईराजला मांडीवर घेऊन बसली होती. पोराच्या हाताला सलाईन लावलेलं, आणि ते चक्क रडत होतं, जोरात. शेवंती औषधं आणायला खाली गेली होती.

"भाऊजी, या, या!" आशा हसली. "डॉक्टर बोलले, आता भीती न्हाय. अजून थोडा वेळ काढला असता तर हाती लागलं नसतं. ह्यांनीच मला पळवली बघा. म्हणाले, सदूला मी समजावतो, तू नीघ."

राखण पावली, असं सदूला वाटायला हवं होतं. वाटून बघितलं, जमेना.

आशाची नजर त्याच्या शर्टावर गेली. "आणि हे रगत कसलं? कोंबडा कापलात वाटतं?"

"हं," सदू म्हणाला.

"कापा बापडे, तुमची श्रद्धा. घ्या, धरा पोराला, नळी सांभाळा. मी घरी जाते. सकाळपासून ह्यांच्या पोटात काय न्हाय, वाट बघत असतील."

तिने साईराजला त्याच्या हातांत दिलं, पदर सारखा केला आणि घाईघाईने जिना उतरू लागली. सदूने तोंड उघडलं. पोर रडायचं थांबून त्याच्याकडे बघत होतं. खाली आशा रिक्षावाल्याला केबिन रोडचा पत्ता सांगत होती, आणि सदूने तिला थांबवलं नाही.